वरूडचा संत्रा रीफर कंटेनरने दुबईला पाठवताना

रीफर कंटेनर, म्हणजे थंडीचं मशीन बसवलेला कंटेनर, माल थंड करत नाही, थंड केलेला माल थंड ठेवतो. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यातून समुद्रमार्गे संत्रा पाठवायच्या विचारात असलेल्या प्रत्येक शेतकरी कंपनीने आधी एवढं पक्कं करून घ्यावं. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

गरम माल भरला, दार लावलं, मशीन ६ अंशांवर लावलं की काम झालं, अशी समजूत बऱ्याच ठिकाणी दिसते. हिशेब मांडून पाहा. ४० फुटी कंटेनरमध्ये २० टन संत्रा आहे आणि फळाच्या गराचं तापमान २८ अंश आहे. ते ६ वर आणायचं म्हणजे २२ अंश उतरवायचे. एक किलो संत्रा एक अंशाने थंड करायला साधारण ३.८ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. २० टनांचा हिशेब केला तर ती विजेच्या भाषेत जवळपास ४६५ युनिट होते. कंटेनरच्या मशीनची थंड करायची ताकद या तापमानाला १०-१२ किलोवॉट. सगळी ताकद फक्त मालावरच लागली असं धरलं तरी ३९ ते ४६ तास झाले. पण तसं होत नाही. फळ श्वसन करून स्वतःची उष्णता सोडत असतं, बाहेरची उष्णता भिंतीतून आणि ताज्या हवेच्या झडपेतून आत येत असते, आणि गच्च रचलेल्या खोक्यांच्या पोटात वारा धड पोचत नाही. मधल्या पॅलेटमधलं (खोकी रचायच्या चौकटीवरच्या ढिगातलं) फळ ६ अंशांवर यायला चार-पाच दिवस सहज जातात. न्हावा शेव्याहून दुबईच्या जेबेल अली बंदराला जहाज साधारण तेवढ्याच दिवसांत पोचतं. म्हणजे फळ थंड झालं तोवर बंदर आलं, आणि मधले सगळे दिवस हिरव्या बुरशीला हवी तशी ऊब मिळाली.

म्हणून कंटेनरची गोष्ट बागेतून सुरू करावी लागते.

आंबिया बहाराचा माल नोव्हेंबर-डिसेंबरात निघतो. तेव्हा रात्री गार असतात, सकाळी फळ मुळातच थंड असतं, पण दंवही असतं. मृग बहाराची तोडणी फेब्रुवारी-मार्चात येते. तेव्हा दंवाचा त्रास कमी, पण दुपारी बारानंतर कॅरेट उन्हात राहिलं तर गर ३५ अंशांपर्यंत तापतो. दोन्ही बहारांत तोडणीची वेळ वेगळी ठेवावी लागते. आंबियात दंव सुकेपर्यंत थांबा. दंवात भिजलेल्या फळाची साल ताठ असते, बोटाच्या दाबानेही तिच्यातल्या तेलाच्या ग्रंथी फुटतात, आणि ते तेल सालीवर पसरून आसपासच्या पेशी जाळतं. हा डाग तोडताना दिसत नाही. एक-दोन दिवसांनी दिसतो, तोवर फळ खोक्यात गेलेलं असतं. मृगात उलट, दंव नसेल त्या दिवशी उजाडताच सुरू करून अकरापर्यंत आटोपायचं, आणि कॅरेट झाडाच्या सावलीत ठेवायचे.

तोडणी कात्रीनेच. मंडीसाठी हाताने पिळून तोडलेला माल चालून जातो; ट्रकमध्ये तणस अंथरून सुटा भरलेला संत्राही दोन-तीन दिवसांत विकला जातो. समुद्रावर तो टिकत नाही. नागपुरी संत्र्याची साल सैल, ती देठापाशी गराला घट्ट धरून नसते. फळ ओढलं की देठाभोवती सालीची चकती उचकटते आणि तिथे बुरशीला दार उघडं होतं. कात्री दोनदा चालवायची. पहिल्यांदा फांदीपासून थोड्या लांब देठासह फळ सोडवायचं, दुसऱ्यांदा देठ त्याच्या बुडाशी असलेल्या हिरव्या चकतीला लागून सपाट कापायचा. चकती फळावर राहिली पाहिजे, देठाचं टोक मात्र अंगठा फिरवला तरी टोचता कामा नये. राहिलेलं दोन मिलिमीटरचं टोक शेजारच्या फळाला भोसकतं, आणि कॅरेटमधला प्रत्येक हादरा ते काम पुढे नेतो. तोडणाऱ्या मजुरांना रोजाने पैसे द्या. कॅरेटवर दिले तर दुसरी कात्री कोणी मारत नाही. आणि बाग उक्ती दिलेली असेल तर निर्यातीचा विचार सोडा. तोडणीवर तुमचा ताबाच नसतो.

पाऊस पडल्यावर निदान दोन-तीन दिवस तोडू नका. जमिनीवर पडलेलं, जमिनीला टेकलेल्या फांदीवरचं आणि फळमाशीने टोचलेलं फळ बागेतच वेगळं काढा. पॅकहाऊसमध्ये निवडू म्हटलं की एक कुजकं फळ धुण्याच्या हौदातून हजारो फळांवर बीजाणू पसरवतं. त्याच कारणाने हौदाच्या पाण्यात क्लोरीन लागतं, आणि ते दर तासाला पट्टीने तपासावं लागतं, कारण पाण्यात माती-कचरा वाढला की क्लोरीन मरतं.

धुणं, वाळवणं, मेण चढवणं आणि आकाराप्रमाणे प्रतवारी याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, लाइन चांगली असेल तर ते होतं. मेणाचा थर जाड झाला तर फळाचा आतला श्वास कोंडतो आणि चव आंबूस होते, एवढं लक्षात ठेवा. बुरशीनाशकाच्या बाबतीत, माल ज्या देशात जाणार तिथे कोणतं चालतं आणि किती अवशेषापर्यंत चालतं ते खरेदीदाराकडून लेखी घ्या. बागेत शेवटची फवारणी कोणती आणि कधी झाली ती नोंदही हवी. अवशेष तपासणीचा अहवाल नापास झाल्यावर काही करता येत नाही.

आता पूर्वशीतकरण, म्हणजे प्रीकूलिंग. खरा खर्च आणि खरी कसोटी इथे आहे. मिरची-चिंचेसाठी बांधलेल्या शीतगृहात खोकी ठेवून काम भागत नाही. तिथली मशीन माल राखायला असतात, झपाट्याने उतरवायला नाही, शिवाय मिरचीचा वास सालीत बसतो तो वेगळाच. जोरदार हवेची खोली लागते. पॅलेटच्या दोन रांगा समोरासमोर लावायच्या, मधली जागा वरून आणि पुढून ताडपत्रीने बंद करायची, आणि एका टोकाचा पंखा त्या बंद जागेतून हवा ओढतो. मग थंड हवेला खोक्यांच्या भोकांतून, फळांच्या फटींतून जाण्यावाचून वाट उरत नाही. ताडपत्री एका कोपऱ्यात उचलली असेल तर सगळी हवा तिथून जाते आणि मधली खोकी तशीच गरम राहतात.

किती वेळ लागतो हे आधी समजून घ्या. खोलीतली हवा ५ अंश आणि फळ २८ अंश, म्हणजे फरक २३ चा. समजा पहिल्या तीन तासांत हा फरक निम्मा झाला, फळ साडेसोळावर आलं. पुढच्या तीन तासांत उरलेल्याचा निम्मा जातो, फळ पावणेअकरावर येतं. आणखी तीन तासांनी ते आठच्या आसपास पोचतं. म्हणजे शेवटच्या तीन तासांत जेमतेम तीन अंश उतरतात, आणि हेच तास माणसं कापतात, कारण हाताला फळ गार लागतं. हातावर जाऊ नका. सुईचा थर्मामीटर घ्या, पॅलेटच्या मधल्या थरातल्या मधल्या खोक्यातलं फळ काढून सुई गराच्या मध्यापर्यंत घाला. आठच्या वर असेल तर भरायचं नाही, गाडी दारात उभी असली तरी. वाचन पॅलेट क्रमांकासह वहीत लिहून सही करा. ही वही पुढे कामाला येते.

नागपुरी संत्र्याला ६ ते ७ अंश आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता मानवते. ४ अंशांच्या खाली तो फार काळ राहिला तर सालीवर खड्डे पडतात, तपकिरी डाग येतात. म्हणजे जास्त थंड केल्याने जास्त टिकेल हा हिशेब इथे लागू नाही. एकाच कंटेनरमध्ये दोन फळं पाठवायची असतील तर डाळिंबाचं तापमान संत्र्याशी बरंचसं जुळतं. लिंबाला मात्र ९-१० अंश लागतात आणि केळीला १३-१४. अकोल्याचं लिंबू वरूडच्या संत्र्यासोबत भरलं तर दोघांपैकी एकाचं नुकसान ठरलेलं.

खोक्याबद्दल थोडं सविस्तर. कोरुगेटेड पुठ्ठा नव्वद टक्क्यांच्या आर्द्रतेत ओल धरतो आणि त्याची ताकद जवळपास निम्मी होते. गोदामात कोरडं असताना छान उभं राहिलेलं पॅलेट सातव्या-आठव्या दिवशी खालून बसतं ते यामुळे. खोक्याचा भार कोपऱ्यांवर असतो, म्हणून खोकी कोपऱ्यावर कोपरा अशी सरळ रचायची. भिंत बांधताना विटा जशा सांध्यावर ठेवतात तशी रचली की वरच्या खोक्याचा कोपरा खालच्याच्या मऊ मधल्या भागावर येतो. हलू नये म्हणून चारही उभ्या कडांना कोपरपट्ट्या लावून आडवे पट्टे आवळा. भोकं खोक्याच्या बाजूच्या सुमारे पाच टक्के हवीत, वर आणि तळालाही हवीत, आणि सरळ रचल्यावर ती एकासमोर एक आली पाहिजेत. खरेदीदाराने दिलेल्या सुंदर छपाईच्या खोक्याला तळाची भोकंच नसतात, असं होतं. कंटेनरमध्ये हवा खालून वर जाते. तळ बंद असलेलं खोकं तिथे झाकणासारखंच.

४०० बाय ३०० मिलिमीटरचं, १० किलोचं खोकं घेतलं तर १२०० बाय १००० च्या पॅलेटवर एका थरात बरोबर १० बसतात. २० सेंटिमीटर उंचीचे दहा थर म्हणजे १०० खोकी, एक टन, आणि पॅलेटसह उंची सव्वादोन मीटरच्या आत. अशी २० पॅलेट ४० फुटी हायक्यूबमध्ये, म्हणजे जास्त उंचीच्या कंटेनरमध्ये, जातात. आतली लांबी सुमारे ११.५८ मीटर आणि रुंदी २.२९ मीटर असते. एका बाजूला पॅलेट लांबीने लावली तर नऊ येतात, दुसऱ्या बाजूला रुंदीने लावली तर अकरा. दोन्ही मिळून रुंदी २.२० मीटर भरते. दाराशी एका रांगेत साधारण ५८ सेंटिमीटर आणि दुसऱ्या रांगेत ७८ सेंटिमीटर जागा उरते.

ही दाराजवळची उरलेली जागा सगळ्यात जास्त माल खराब करते. कंटेनरच्या तळाला अॅल्युमिनियमच्या टी आकाराच्या पट्ट्या असतात. मशीन पुढच्या भिंतीतून थंड हवा या पट्ट्यांच्या मधून तळाखाली सोडते, ती मालातून वर चढते आणि छताखालून परत मशीनकडे जाते. पाटाचं पाणी जसं फुटलेल्या बांधातून निघून जातं आणि शेवटचं वावर कोरडं राहतं, तशी ही हवा उघड्या तळातून वर निसटते. म्हणून दाराशी उरलेल्या पट्ट्या जाड पुठ्ठ्याने किंवा प्लायने पूर्ण झाका, आणि तो पुठ्ठा शेवटच्या पॅलेटच्या तळाशी वर दुमडून चिकटवा, म्हणजे पॅलेटच्या पोकळीतूनही हवा पळणार नाही. दोन पॅलेटमध्ये हातभर फट राहू देऊ नका. आत भिंतीवर लाल रेघ असते, तिच्यावर एकही खोकं नको, नाहीतर परतीची हवाच अडते. एखादं पॅलेट कमी असेल तर रिकामी जागा मध्ये न ठेवता दाराकडे ठेवा आणि तिथला तळ झाका.

भरताना मशीन बंद ठेवायचं. दार उघडं आणि मशीन चालू असेल तर बाहेरची दमट हवा आत ओढली जाते, कॉइलवर बर्फ धरतो आणि थंड फळाला घाम सुटतो. घाम सुटलेलं फळ म्हणजे बुरशीला दिलेलं पाणी. पॅकहाऊसला गाडीच्या मागच्या बाजूला घट्ट बसणारी रबरी चौकट आणि थंड गाळा असेल तर कंटेनर आधी थंड करता येतो. नसेल तर पहाटे भरा, पॅलेट शीतखोलीतून थेट आत न्या, आणि पाऊण तासात दार लावा.

कंटेनर आला की भरण्याआधी तपासायच्या गोष्टी: मशीनच्या तपासणीचा ताजा शिक्का, दाराचं रबर, तळातल्या पट्ट्यांतला कचरा, आधीच्या मालाचा वास, पाणी निघायच्या नळ्या मोकळ्या आहेत का. आत उभं राहून दार लावून घ्या. कुठून उजेड दिसला तर तो कंटेनर परत पाठवा. बाहेरून एक माणूस दाराशी उभा ठेवूनच हे करायचं.

मशीन लावताना शिपिंग लाइनला लेखी द्यायचं ते असं: प्लस सहा अंश सेल्सिअस, ताजी हवा ताशी २५ ते ४० घनमीटर, आर्द्रता घटवणारी यंत्रणा बंद. 'प्लस' आणि 'सेल्सिअस' हे शब्द अक्षरात लिहा. ईमेलमध्ये आकड्याआधी टाकलेली आडवी रेघ उणे म्हणून वाचली गेली की संत्र्याचा बर्फ होतो. झडपेवरचा आकडा स्वतः पाहा आणि फोटो काढा. बंद राहिली तर कार्बन डायऑक्साइड साठून चव बिघडते, पूर्ण उघडी राहिली तर दमट गरम हवा आत येत राहते. आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. थंड मालासाठी मशीन पुरवठ्याच्या, म्हणजे स्वतःतून बाहेर सोडलेल्या हवेवर ताबा ठेवतं, परतीच्या हवेवर नाही. म्हणून पडद्यावर ६ दिसणं म्हणजे फळ ६ वर आहे असं नव्हे.

रस्ता. हायक्यूब कंटेनरची उंची २.९ मीटर, ट्रेलर धरून साडेचार मीटरच्या आसपास. गावच्या रस्त्यावर लोंबणाऱ्या विजेच्या तारा आणि बाभळीच्या फांद्या आदल्या दिवशी कोणीतरी बघून यावं. रात्री अकराला ट्रेलर तारेखाली अडकला तर पहाटेचं भरणं गेलं. ट्रेलरला जनरेटर हवाच. तो तासाला तीन-चार लिटर डिझेल खातो. वरूडहून न्हावा शेवा साडेसातशे-आठशे किलोमीटर आहे. ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर पूर्ण सुरू झाला, त्यामुळे धावण्याचा वेळ बराच घटला, पण वाटेत चालकाने जनरेटर बंद करून डिझेल वाचवणं हा धोका तसाच आहे. पॅलेटमध्ये तापमानाची नोंद ठेवणारे तीन लॉगर ठेवा: मशीनजवळ, मध्ये, आणि दाराजवळ वरच्या थरात. जनरेटर किती तास बंद होता ते तिसऱ्यात उघड दिसतं.

रिकामा कंटेनर बंदरातून इकडे येतो, म्हणून भाडं दोन्ही बाजूंचं पडतं. १३ फेब्रुवारी २०२० ला नागपुरी संत्र्याचा १,५०० खोक्यांचा पहिला रीफर कंटेनर दुबईला निघाला, तो वाशीतून. माल थोडा असेल तर आजही शीतट्रकने बंदराजवळच्या शीतगृहात नेऊन तिथे कंटेनर भरणं परवडतं, पण एक हाताळणी वाढते आणि थंडीची साखळी एकदा जास्त तुटते. पूर्ण कंटेनरचा माल असेल तर पॅकहाऊसमध्येच भरून सील लावावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कागद थोडक्यात: आयातक-निर्यातक क्रमांक, अपेडाची (शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय प्राधिकरणाची) नोंदणी, माल कीड-रोगमुक्त असल्याचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, शिपिंग बिल, कंटेनरचं तपासलेलं एकूण वजन, आणि यूएईसाठी उगम प्रमाणपत्र, कारण १ मे २०२२ पासून भारत-यूएई करारातली सवलत त्यावरच मिळते. फायटोची तपासणी भरण्याआधी होते, त्यामुळे निरीक्षकाची वेळ आधी आणि तोडणीची तारीख नंतर ठरवा. बंदरातला प्रवेश बंद होण्याच्या वेळेआधी निदान बारा तास हातात ठेवा. जहाज चुकलं तर कंटेनर प्लगवर उभा राहतो, भाडं चढतं, फळाचं वय वाढतं.

बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेल्यापासून सगळे दुसरी बाजारपेठ शोधताहेत आणि युरोपचं नाव निघतं. नागपुरी संत्रा नीट थंड राखला तर ३० ते ४५ दिवस टिकतो. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवासात दहा-चौदा दिवसांची भर पडली. एवढ्या लांबलेल्या प्रवासात फळाचं बहुतेक आयुष्य पाण्यावरच संपतं, दुकानात ठेवायला काही उरत नाही. आखाताचं गणित बसतं: तोडणीपासून दुकानापर्यंत दोन आठवडे धरले तरी विक्रीला पुरेसे दिवस राहतात. आधी ते पक्कं करावं.

तिकडे दार उघडलं की खरेदीदाराच्या माणसाने पहिल्या दहा मिनिटांत करायचं ते आधीच ठरवून द्या: सीलचा फोटो, मशीनच्या पडद्याचा फोटो, दाराजवळच्या, मधल्या आणि आतल्या पॅलेटमधल्या फळाच्या गराचं तापमान. वरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना ताबा घेतल्यापासून तीन दिवसांत जहाज कंपनीला गेली पाहिजे. त्याच पत्रात कंटेनरच्या मशीनमधली नोंद मागून घ्या आणि तुमच्या लॉगरशेजारी ठेवून वाचा. पुरवठ्याची हवा सतत ६ आणि परतीची पहिले चार दिवस १२-१३ दिसली, तर माल गरम चढला, वहीतली वाचनं पुन्हा तपासा. परतीची हवा सुरुवातीपासून साडेसहा आणि दाराजवळचा लॉगर मात्र ११ दाखवत असेल, तर हवा आखूड वाटेने फिरली, तळ उघडा राहिला किंवा खोक्यांची भोकं जुळली नाहीत. पुरवठ्याची हवाच काही तास चढलेली असेल तर ती वेळ पाहा: कंटेनर तेव्हा ट्रेलरवर होता, बंदरात होता की जहाजावर, यावर दावा कोणावर करायचा ते ठरतं.